ॲक्सोलॉटलची बुरशी आणि द्राक्षावरची डाऊनी

मे महिन्यात सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका ओळखीच्या घरी जाणे झाले. तेथील शाळकरी मुलाने पाळलेल्या ॲक्सोलॉटलच्या, म्हणजे बाहेर दिसणारे कल्ले असलेल्या जलचर उभयचराच्या, डाव्या कल्ल्यावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका आला होता. भिंगातून पाहिल्यावर त्यातील तंतू सुटे दिसत होते, आणि प्राण्याने कल्ला झटकला की ते सगळे पाण्याच्या ओढीबरोबर एका बाजूला कलत होते. मुलाचे आजोबा तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांनी मला एवढेच विचारले, "ही भुरी म्हणायची, की डाऊनी?"

प्रश्न अगदी नेमका होता. द्राक्षावर दोन्ही रोग पांढरटच दिसतात, परंतु भुरी ही खरी बुरशी आहे आणि डाऊनी, म्हणजे केवडा, ही बुरशी नाही. ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यावर बहुधा येणारी सॅप्रोलेग्निया डाऊनीच्या गोतातली आहे. या गटाला ऊमायसीट किंवा जलबुरशी म्हणतात. तंतूंच्या जाळ्यामुळे शास्त्रज्ञांनीही त्यांना दीर्घकाळ बुरशीतच गणले. प्रत्यक्षात त्यांचे जवळचे नाते तपकिरी शैवाल आणि डायटम नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवाले यांच्याशी आहे. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, तर यांच्या भित्तिकेत सेल्युलोज असते. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणारा करपा याच गटातला.

हा भेद पुस्तकी नाही, औषध त्यावरच ठरते. गजकर्णाच्या मलमातील क्लोट्रिमाझोल खऱ्या बुरशीला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही, आणि बागेत भुरीवर फवारले जाणारे हेक्झाकोनॅझोलही त्याच मार्गाने काम करते. जलबुरशीचे जगणे अर्गोस्टेरॉलवर अवलंबून नसल्याने तेथे ही औषधे फारशी उपयोगी पडत नाहीत. हेक्झाकोनॅझोलने डाऊनी आटोक्यात येत नाही, हे आजोबांना अनुभवाने ठाऊक होते.

जलबुरशीची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे तिचा चलबीजाणू. तंतूच्या टोकाला गदेसारखी फुगीर पिशवी तयार होते, ती फुटते आणि त्यातून अतिसूक्ष्म बीजाणू पोहत बाहेर पडतात. प्रत्येकाला पोहण्यासाठी चाबकासारख्या दोन कशाभिका असतात आणि भोवती पेशीभित्तिका नसते, केवळ नाजूक पटल असते. पाण्यात पसरणाऱ्या रासायनिक खुणांच्या मागाने तो जखमेकडे किंवा कुजणाऱ्या अन्नाकडे सरकतो, कशाभिका टाकून देतो आणि स्वतःभोवती कवच बांधून बसतो. जागा चुकली असेल, तर त्याच कवचातून पुन्हा नवा पोहणारा बीजाणू निघतो आणि शोध पुढे चालू राहतो. माशांवर वाढणाऱ्या सॅप्रोलेग्निया पॅरासिटिकाच्या कवचावर तर लांब, टोकाला आकडे असलेल्या केसांचे झुबके असतात. आघाड्याची फळे वाटेने जाणाऱ्याच्या कपड्यांना लागतात, तसे ते कवच यजमानाच्या अंगाला अडकते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आणि दव पडले की डाऊनीचे चलबीजाणू पानाच्या मागच्या बाजूच्या ओलाव्यात असेच पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. त्यांना तेवढा ओलावा पुरतो. सॅप्रोलेग्नियाला तर अख्खी टाकी मोकळी असते.

ती जवळजवळ प्रत्येक गोड्या पाण्यात असतेच. उकडलेले चार तीळ कृष्णेच्या पाण्यात ठेवले, तर काही दिवसांत त्यांच्याभोवती पांढरे वलय दिसू शकते. निरोगी ॲक्सोलॉटलच्या त्वचेवरील बुळबुळीत थर तिला रोखून धरतो. हा थर उन्हाळ्यात साचलेल्या अमोनियाने, टोकदार खड्यांनी, कोरड्या हाताने उचलल्याने आणि मुख्यतः उष्णतेने दुबळा होतो. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या, सुमारे २,२०० मीटर उंचीवरील सोचिमिल्कोच्या थंड कालव्यांतला. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवते, २४ अंशांपुढे त्याची प्रतिकारशक्ती खचू लागते. आपल्याकडे मे महिन्यात छतावरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते.

त्या घरी टाकीत चिमूटभर हळद टाकून झाली होती. सांगलीची हळद स्वयंपाकघरात निर्विवाद श्रेष्ठ आहे, परंतु हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि तिचे कण कल्ल्यांच्या झालरीत अडकून प्राण्याला त्रास मात्र देतात. टाकीतील जीव आजारी पडला म्हणजे त्याने घरावरचे संकट स्वतःवर घेतले, असेही अनेक जण मानतात. या समजुतीपायी उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात, म्हणून ती सोडून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

उपचार साधा आहे. प्राण्याला क्लोरीन काढलेल्या थंड पाण्याच्या वेगळ्या टबात ठेवावे आणि ते पाणी रोज पूर्ण बदलावे. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात २ ते ३ चहाचे चमचे खडे मीठ पूर्ण विरघळवून त्यात १० मिनिटे, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, ठेवावे. भित्तिका नसलेले चलबीजाणू या खारट पाण्यात टिकत नाहीत आणि तंतूंमधील पाणीही बाहेर ओढले जाते. मात्र ॲक्सोलॉटलची त्वचा आणि कल्लेही पाणी आरपार जाऊ देणारे असतात, म्हणून १५ मिनिटांच्या पुढे जाऊ नये. मिथिलीन ब्लू वापरायचे तर वेगळ्या टबातच वापरावे, कारण फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही त्याने मरतात. मॅलाकाइट ग्रीन असलेली माशांची औषधे पूर्णपणे टाळावीत. मोरचुदाचे बोर्डो मिश्रण डाऊनीवर उत्तम चालते, पण तांबे उभयचरांना विषारी आहे, हे आजोबांना मुद्दाम सांगावे लागले. कधी कधी असाच पुंजका कॉलम्नॅरिस नावाच्या जिवाणूंचाही असतो, म्हणून चार-पाच दिवसांत फरक पडला नाही किंवा व्रण दिसले, तर पशुवैद्याकडेच न्यावे.

पुंजका पुन्हा येऊ नये म्हणून उरलेले खाद्य त्याच दिवशी काढावे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर ठेवावेत, आणि चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठावर पंखा लावावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण सांगलीच्या मे महिन्यात तेवढ्याने भागत नाही, त्यामुळे चिलरची सोय नसलेल्या घरी हा प्राणी आणूच नये, असे माझे मत आहे.

त्या मुलाच्या ॲक्सोलॉटलचा पुंजका सहाव्या दिवशी गळून पडला. कल्ल्यावर जेथे झालर झडली होती, तेथे जुलैत बारीक गुलाबी कोंब दिसू लागले. टाकी आता पश्चिमेच्या भिंतीपासून हलवली आहे, चिलर बसवला आहे, आणि आजोबा सकाळ-संध्याकाळ तापमापी पाहून आकडा द्राक्षबागेच्या फवारणीच्या वहीत लिहून ठेवतात.