धर्मांतर आणि अनुसूचित जातीचा दर्जा
धर्म बदलला की अनुसूचित जातीचा दर्जा राहतो की जातो, यावर आपल्याकडे १९५० पासून कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. मूळ आहे त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशातला परिच्छेद ३, त्यानुसार हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीत धरला जात नाही (शिखांमधल्या काही जाती तेवढ्या अपवाद). १९५६ ला बाकीचे दलित शीख आत आले, बौद्ध मात्र थेट १९९० ला.

या वादातल्या दोन मोठ्या केसेस विदर्भातल्याच आहेत. भंडाऱ्यात पहिल्या लोकसभा निवडणुकीत गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेचा अर्ज बाद झाला, का तर म्हणे ते महानुभाव पंथात गेले म्हणजे आता महार राहिले नाहीत. १९५४ ला सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं. जुनी जात माणसाला आपला मानते का, त्याची स्वतःची इच्छा काय आणि नवा पंथ जात सोडायला लावतो का, हे कोर्टाने पाहिलं. ठवरेंची लग्नंसुद्धा महारांच्या रीतीनेच झाली होती.

नागपुरात उलट झालं. १९५६ च्या दीक्षेनंतर १९६२ ला डी. पी. मेश्राम राखीव जागेवरून आमदार झाले आणि ते बौद्ध आहेत म्हणून केस पडली. शंकराच्या देवळाचं बुद्धविहार केलं त्या कागदावरची सही, लग्नपत्रिकेवरचं बुद्धाचं चित्र असं सगळं पुराव्यात आलं. धर्म 'मानणं' म्हणजे तो चारचौघांत जाहीर करणं असा अर्थ सुप्रीम कोर्टाने लावला आणि निवडणूक रद्द झाली. म्हणजे ज्यांनी जात नाकारायला धम्म घेतला त्यांच्या घरची लग्नपत्रिकाच त्यांच्या विरोधात वापरली गेली, हे वाचताना आजही पोटात तुटतं. गावात त्यांच्याशी वागणूक काही दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बदलली नव्हती ना! महाराष्ट्र सरकारने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या खऱ्या, पण केंद्रात दार बंदच होतं.

दलित ख्रिश्चन आणि मुस्लिमांसाठी ते अजून बंद आहे. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सूसाई नावाच्या आदि द्रविड माणसाला सरकारी टपरी मिळाली नाही, कारण तो ख्रिश्चन झाला होता. १९८५ ला कोर्ट म्हणालं, नव्या धर्मातही तसाच त्रास होतो हे आधी दाखवा. आता हे दाखवायचं कुणी, त्या फुटपाथवरच्या माणसाने? शेवटी २०२२ ला केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. आदिवासींना मात्र अनुसूचित जमातीच्या आदेशात ही धर्माची अटच नाही.