जुन्या हॉलिवूडचे चाहते : पार्श्वभूमी

जुन्या हॉलिवूडवर जीव टाकणारे लोक आजही जगभर आहेत. त्यांच्यातील बहुतेकांच्या आवडीचे चित्रपट त्यांच्या जन्माआधीचे असतात, आणि ज्या नटनट्यांचे वाढदिवस ते आठवणीने पाळतात त्यांपैकी जवळजवळ कोणीही आता हयात नाही. ही ओढ केवळ गतकाळाच्या हळवेपणातून आली असती तर ती एका पिढीबरोबर संपली असती. ती टिकली याचे कारण तिच्या इतिहासात आहे. साधारण १९१० ते १९५० या काळात स्टुडिओंनी हे प्रेम धंद्यासाठी जाणूनबुजून घडवले, आणि पुढे त्याच स्टुडिओंना आपल्या जुन्या मालाची पर्वा उरली नाही तेव्हा तो माल सांभाळण्याचे बरेचसे काम या प्रेमानेच केले.

अमेरिकी चित्रपटांच्या आरंभकाळात पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची नावे प्रेक्षकांना ठाऊक नसत. नाव झाले की नट जास्त पगार मागेल ही निर्मात्यांची भीती होती. बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांत झळकणारी फ्लॉरेन्स लॉरेन्स ही नटी लोकांना केवळ ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणून माहीत होती. कार्ल लेमली या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत आणले, आणि १९१० च्या आरंभी तिच्या अपघाती मृत्यूची अफवा पसरल्यावर मार्चमध्ये ठळक जाहिरात देऊन ती धादांत खोटी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ती जिवंत असल्याची खात्री पटवण्यासाठी तिला सेंट लुईस शहरात लोकांसमोर आणण्यात आले, तेव्हा तिला पाहायला मोठी गर्दी लोटली. ती अफवा लेमलीच्याच माणसांनी उठवली होती असे बऱ्याच पुस्तकांत छातीठोकपणे लिहिलेले असते. अलीकडचे अभ्यासक इतके ठाम नाहीत. अफवा कोणाचीही असो, तिचा फायदा लेमलीने उठवला. नाव लपवण्यापेक्षा नाव विकणे अधिक किफायतशीर आहे हा धडा त्यानंतर सगळ्या धंद्याने झपाट्याने गिरवला.

नाव कळल्यावर माणसाविषयीचे कुतूहल आलेच. १९११ साली अमेरिकेत ‘मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन’ आणि शिकागोहून ‘फोटोप्ले’ ही मासिके सुरू झाली. आरंभी त्यांत प्रामुख्याने चित्रपटांच्या कथा छापल्या जात. वाचकांची पत्रे मात्र वेगळेच विचारत: अमुक नट विवाहित आहे का, तमुक नटीचे वय काय, ती कुठे राहते? प्रश्नोत्तरांचे सदर त्यामुळे लवकरच अशा मासिकांचा कणा झाले. (बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘फिल्मइंडिया’तही वाचकांच्या प्रश्नांना दिलेली तिखट उत्तरेच सर्वांत आधी वाचली जात, त्या सदराची वंशावळ इथपर्यंत मागे जाते.) ‘फोटोप्ले’ने १९२० पासून वाचकांच्या मतांवर वर्षातील सर्वोत्तम चित्रपटाला पदक देण्यास सुरुवात केली. ऑस्करचा पहिला समारंभ झाला तो १९२९ साली, म्हणजे चाहत्यांचा पुरस्कार उद्योगाच्या पुरस्काराहून जुना आहे. चाहत्यांना आपल्या मतास वजन आहे असे वाटू लागले ते इथून.

त्या वजनाचा धक्कादायक प्रत्यय २३ ऑगस्ट १९२६ नंतर आला. त्या दिवशी रुडॉल्फ व्हॅलेन्टिनो हा मूकपटांचा नायक न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावला. त्याच्या अंत्यदर्शनासाठी सुमारे १ लाख लोक रस्त्यावर आले, चेंगराचेंगरी झाली, काचा फुटल्या आणि घोडेस्वार पोलिसांना गर्दी आवरावी लागली. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी या शोकाची, विशेषतः शोक करणाऱ्या बायकांची, मनसोक्त टिंगल केली. चाहता, आणि त्यातही बाई, म्हणजे भान सुटलेली व्यक्ती ही समजूत तेव्हा जी रुजली ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

बोलपटांच्या आगमनानंतर या व्यवहाराला कारखान्याची शिस्त आली. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स आणि आरकेओ या पाच मोठ्या स्टुडिओंकडे चित्रीकरणाच्या जागा, वितरण आणि चित्रपटगृहे असे सगळेच होते, आणि नटनट्या साधारणतः सात वर्षांच्या करारांनी बांधलेल्या असत. कोणती भूमिका करायची हे स्टुडिओ ठरवी. नाव, केशरचना, कोणाबरोबर जेवायला जाताना दिसायचे, मुलाखतीत काय सांगायचे, यांतही प्रसिद्धिखात्याचा हात असे. या कामात त्यांनी कधीकधी चाहत्यांनाही सहभागी करून घेतले. लुसिल लेसूर या नव्या नटीचे नाव एमजीएमला पसंत पडले नाही, म्हणून १९२५ मध्ये ‘मूव्ही वीकली’ या मासिकातून वाचकांसाठी स्पर्धा जाहीर झाली आणि तीतून जोन क्रॉफर्ड हे नाव निघाले. आपण वाचकांची निर्मिती आहोत याची जाणीव तिने आयुष्यभर ठेवली असावी, कारण चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरे पाठवण्याचा तिचा रिवाज प्रसिद्धीचा झोत सरल्यानंतरही सुटला नाही.

पत्र पाठवणाऱ्याला बहुधा सहीचे छायाचित्र मिळे, आणि ही छायाचित्रे हा या इतिहासातला स्वतंत्र अध्याय आहे. १९३० च्या सुमारास एमजीएममध्ये आलेल्या जॉर्ज हरेलसारख्या छायाचित्रकारांनी कडक प्रकाश, गडद सावल्या आणि निगेटिव्हवर बारकाईने केलेले रीटचिंग यांतून चेहऱ्याला जे तेज दिले ते प्रत्यक्षात कोणाच्याही चेहऱ्यावर नसते. क्लासिक हॉलिवूड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते ते पुष्कळदा चित्रपटातील दृश्य नसून अशा एखाद्या छायाचित्राची स्मृती असते, असे माझे मत आहे.

या झळाळीखाली काय दडपले जाई याचे एक उदाहरण थेट मुंबईशी जोडलेले आहे. मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली आणि कोलकात्यात वाढली. ती मिश्रवंशीय होती, आणि गोऱ्या नायिकांच्या त्या जगात हे उघड झाले असते तर तिचे काम संपले असते. म्हणून तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानियात झाल्याची कथा रचण्यात आली. १९३५ सालच्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले तेव्हाही ती कथाच चालू होती. १९७८ मध्ये टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टमध्ये, तिचा नागरी स्वागतसमारंभ ठेवण्यात आला तेव्हाही तिला ती निभावून न्यावी लागली. पुढच्याच वर्षी ती वारली; खरी हकिकत सर्वांसमोर आली ती त्यानंतर. ज्यांचा वर्ण लपण्यासारखा नव्हता त्यांच्या वाट्याला याहून उघड अपमान आले. ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे थाटात झाला, वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यात मोलकरणीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय नटीला तिथे जाता आले नाही. त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले त्या रात्रीही तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते. आजचा जाणता चाहता या गोष्टी बाजूला सारून चित्रपट पाहत नाही, आणि पाहूही नये.

चाहत्यांची मर्जी कायमची नसते हेही स्टुडिओंना ठाऊक होते. मे १९३८ मध्ये स्वतंत्र चित्रपटगृहमालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन काही मोठ्या नावांना तिकीटबारीवरचे विष ठरवले. त्या यादीत ग्रेटा गार्बो, मार्लिन डीट्रिश, जोन क्रॉफर्ड आणि कॅथरिन हेपबर्न होत्या! आज त्या काळातील श्रेष्ठ अभिनेत्रींची यादी करायला बसले तर हीच चार नावे प्रथम सुचतात.

ही यंत्रणा मोडली ती कायद्याने आणि टेलिव्हिजनने. ऑलिव्हिया डी हॅविलँड या नटीने वॉर्नरविरुद्ध लढवलेल्या खटल्यात डिसेंबर १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने कराराची सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे, काम नाकारल्याबद्दलचे निलंबनाचे दिवस त्यात वाढवता येणार नाहीत, असा निर्णय दिला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. घरोघरी टेलिव्हिजन येत असताना पैशाची चणचण भासू लागलेल्या स्टुडिओंनी जुने चित्रपट घाऊक विकायला काढले. वॉर्नरने १९५० पूर्वीचा आपला साठा १९५६ मध्ये २ कोटी १० लाख डॉलरना विकला आणि पॅरामाउंटने १९५८ मध्ये ५ कोटींना. ज्यांनी विकले त्यांना आपण रद्दी विकत आहोत असे वाटत होते. प्रत्यक्षात त्यामुळे रात्री उशिरा टेलिव्हिजनसमोर बसणाऱ्या मुलांची एक पिढी आईवडिलांच्या तरुणपणातील नटांवर लुब्ध झाली. १९३९ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ नोव्हेंबर १९५६ मध्ये प्रथम टेलिव्हिजनवर दाखवण्यात आला आणि १९५९ पासून त्याचे वार्षिक प्रक्षेपण हा घरगुती सणच झाला. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे नशीब तर एका कारकुनी चुकीने उघडले: १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचे नूतनीकरण राहून गेले, वाहिन्या तो फुकटात दाखवू लागल्या, आणि प्रदर्शनाच्या वेळी फारसा न चाललेला हा चित्रपट अमेरिकी नाताळचा भाग बनला.

थिएटरमधील पुनर्भेटीची कथाही याच सुमाराची आहे. हम्फ्री बोगार्ट जानेवारी १९५७ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील ब्रॅटल चित्रपटगृहाने त्याचा ‘कॅसाब्लांका’ लावला. शेजारच्या हार्वर्डचे विद्यार्थी तो पुन्हा पुन्हा पाहू लागले आणि संवाद पडद्याबरोबर मोठ्याने म्हणू लागले. परीक्षांच्या काळात बोगार्टचे चित्रपट दाखवण्याची तिथे प्रथाच पडली. त्यांच्यापैकी कोणीही बोगार्टच्या ऐन भराच्या काळातले प्रेक्षक नव्हते. स्टुडिओच्या प्रसिद्धिखात्याचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही असा चाहता इथे प्रथम ठळकपणे दिसतो.

पुढच्या काळात अशा चाहत्यांनी जे केले ते रसिकतेच्या पलीकडचे आहे. १९२० च्या दशकातील नटी लुईस ब्रूक्स न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रेती म्हणून काम करून दिवस काढत होती. १९५५ मध्ये पॅरिसच्या चित्रपटसंग्रहाचे प्रमुख आँरी लांग्लवा यांनी प्रदर्शनात तिला मानाचे स्थान दिले. रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयातील जेम्स कार्ड यांच्या प्रोत्साहनाने ती त्या शहरात राहायला गेली, जुने चित्रपट नव्याने पाहिले आणि त्यांविषयी उत्तम गद्य लिहू लागली. इंग्लंडमध्ये केविन ब्राउनलो शाळकरी वयातच घरगुती प्रोजेक्टरवर मूकपटांचे तुकडे पाहून झपाटले गेले. पुढे त्यांनी विस्मृतीत गेलेल्या दिग्दर्शकांना, कॅमेरामनना, नटनट्यांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि २०१० मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आले. जॉन कोबाल यांनी स्टुडिओंनी टाकून दिलेली छायाचित्रे आणि निगेटिव्ह जमवल्या. हरेलसारख्यांचे काम आज संग्रहालयांच्या भिंतींवर आहे त्यामागे त्यांची ही खटपट आहे.

ही खटपट पुरेशी मात्र नव्हती. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही असे. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्सच्या गोदामाला लागलेल्या आगीत कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. थीडा बारा या एकेकाळच्या अफाट लोकप्रिय नटीचे अवघे थोडे चित्रपट आज पाहता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात निघालेल्या सुमारे ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात संपूर्ण टिकले आहेत. आगींइतकाच दोष गोदामाचे भाडे वाचवण्यासाठी आणि फिल्ममधील चांदी काढण्यासाठी प्रती नष्ट करणाऱ्या हिशेबी वृत्तीचा आहे.

वस्तूंचेही तेच झाले. मे १९७० मध्ये एमजीएमने पोशाख, फर्निचर, सामान यांचा जाहीर लिलाव मांडला. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधील लाल बुटांचा एक जोड त्यात १५ हजार डॉलरना गेला. त्या लिलावात स्वतःचे पैसे घालून पोशाख विकत घेणाऱ्यांत डेबी रेनॉल्ड्स होती. स्वतः तारका असूनही ती मनाने चाहतीच होती. या पोशाखांचे कायमचे संग्रहालय उभारण्यासाठी तिने कित्येक वर्षे धडपड केली; ते जमले नाही, आणि २०११ मध्ये तिला संग्रह लिलावात काढावा लागला. मर्लिन मन्रोचा ‘द सेव्हन इयर इच’मधील तो पांढरा झगा तेव्हा ४६ लाख डॉलरच्या बोलीला गेला. लाल बुटांचाच दुसरा एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातील, त्या चित्रपटाची नायिका जूडी गार्लंड हिच्या नावाच्या संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ मध्ये सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला २ कोटी ८० लाखांची बोली लागली.

१९८६ मध्ये टेड टर्नर या अमेरिकी केबल टीव्ही उद्योजकांनी एमजीएम घेतली आणि काही महिन्यांत बाकी सारे विकून चित्रपटांचा साठा तेवढा स्वतःकडे ठेवला. कृष्णधवल चित्रपट रंगवण्याचा त्यांचा उद्योग चाहत्यांना आणि दिग्दर्शकांना संतापजनक वाटला. त्या वादातून १९८८ चा राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा झाला आणि दरवर्षी २५ चित्रपटांची नोंद करणारी राष्ट्रीय सूची सुरू झाली. विशेष म्हणजे याच टर्नर यांनी १४ एप्रिल १९९४ रोजी टीसीएम (टर्नर क्लासिक मूव्हीज) ही वाहिनी काढली, जिथे हेच चित्रपट जाहिरातींच्या व्यत्ययाविना दाखवले जात, आणि चित्रपटाआधी सूत्रसंचालक रॉबर्ट ऑस्बर्न प्रास्ताविक करत. भारतात १९९० च्या दशकात कार्टून नेटवर्कच्याच वाहिनीवर रात्री टर्नर यांची टीएनटी लागे आणि नंतर तिची जागा टीसीएमने घेतली. आमच्याकडच्या कित्येकांची बोगार्ट आणि हेपबर्नशी ओळख अशी, कार्टून संपल्यावर टीव्ही बंद न केल्यामुळे झाली. त्यांच्या आजोबांनी हेच चेहरे एमजीएमनेच मुंबईत धोबी तलावाजवळ बांधलेल्या, १९३८ साली उघडलेल्या मेट्रोत पाहिले असतील.

टर्नर यांच्या साठ्याचे मालक त्यानंतर बदलत गेले: १९९६ मध्ये टाइम वॉर्नर, २०१८ मध्ये एटी अँड टी, २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी. जून २०२३ मध्ये या नव्या मालकांनी टीसीएममधील बरेच वरिष्ठ कर्मचारी कमी केले तेव्हा प्रेक्षकांनी जोरदार विरोध केला, आणि स्टीव्हन स्पीलबर्ग, मार्टिन स्कॉर्सेझी आणि पॉल थॉमस अँडरसन या तिघा दिग्दर्शकांनी कंपनीचे प्रमुख डेव्हिड झॅस्लाव यांच्याशी थेट बोलणी केली. चित्रपटांची निवड करणारे चार्ल्स टबेश यांना काही दिवसांतच कामावर परत घेण्यात आले.