सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी

प्रोग्राममधल्या एखाद्या फंक्शनमधून (म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यातून) एकमेकांपासून स्वतंत्र असे किती मार्ग निघतात, हे सांगणारा आकडा. टॉमस मॅककेब या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७६ मध्ये आलेख सिद्धांताच्या (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताच्या) आधारे हे माप मांडले. प्रत्यक्षात आलेख काढत बसावे लागत नाही. एकापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक इफ (अट), लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) आणि केससाठी (स्विच या रचनेतल्या एकेका पर्यायासाठी) एकेक मिळवत जायचे. हा आकडा काढणारी बहुतेक टूल अटीतले अँड आणि ऑरही मोजतात. मॅककेब यांनी एका फंक्शनसाठी १० ही मर्यादा सुचवली, पण केसच्या लांबलचक यादीला तिच्यातून सूट दिली. जावास्क्रिप्टचा कोड तपासणाऱ्या ईएसलिंट या टूलमध्ये, सेटिंग बदलले नाही तर, ही मर्यादा २० असते.

टेस्टिंगचा अंदाज बांधायला हा आकडा फार उपयोगी आहे: सगळे स्वतंत्र मार्ग तपासायचे तर तितक्या टेस्ट लिहाव्या लागतात. कोड वाचायला किती जड जाईल, हे मात्र त्यावरून नीट कळत नाही. खात्यातून पैसे काढण्याचे फंक्शन घ्या. खाते चालू आहे का, शिल्लक पुरेशी आहे का, दिवसाची मर्यादा शिल्लक आहे का, अशा तीन अटी एकात एक घातल्या आणि प्रत्येकीचा एल्स (अट खोटी ठरल्यास चालणारा भाग) खाली लिहिला, तर आकडा ४ येतो. त्याच अटी उलटवून एकाखाली एक लिहिल्या आणि अट मोडताच तिथूनच रिटर्न केले (फंक्शनमधून बाहेर पडले), तरीही ४च. दुसरा कोड सरळ वरून खाली वाचता येतो; पहिल्यात शेवटचा एल्स कोणत्या इफचा हे शोधत पुन्हा वर जावे लागते.

हा फरक पकडण्यासाठी सोनारसोर्स कंपनीने कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे माप आणले. त्यात इफ जितका खोल, तितका दंड जास्त. वरच्या पहिल्या रचनेला ९ गुण पडतात, दुसरीला ३. उलट बारा केसचा साधा स्विच तिथे अवघा १ मोजला जातो. वाचनीयतेसाठी हेच माप जास्त विश्वासाचे.

आकडा खाली आणायचा म्हणून फंक्शनचे सरसकट तुकडे करणे घातक ठरते. प्रत्येक नव्या फंक्शनची मोजणी एकापासून सुरू होत असल्याने ४चे फंक्शन दोघांत वाटले की एकूण बेरीज ५ होते, शिवाय वाचणाऱ्याला दोन ठिकाणी उड्या माराव्या लागतात. 'मर्यादा ओलांडली का' असे नेमके नाव देता येईल, तेवढाच भाग वेगळा काढावा.