आधी वणवा, मग महोत्सव: उत्तर मिशिगनच्या रानातल्या एका पक्ष्याची पार्श्वभूमी

मे संपत आला की अमेरिकेतल्या उत्तर मिशिगनमध्ये रॉसकॉमन, ग्रेलिंग आणि मायो या छोट्या गावांत गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं दिसू लागतात. निमित्त असतं वसंतातल्या पक्षीफेऱ्यांचं आणि १९९० च्या दशकात रॉसकॉमनला सुरू झालेल्या पक्षी व वन्यजीव महोत्सवाचं. व्याख्यानं असतात, मुलांसाठी कार्यक्रम असतात, रानातून फेरफटके असतात. पण खरं सांगायचं तर बहुतेकजण एकाच पक्ष्यासाठी आलेले असतात. त्याचं नाव किर्टलंड्स वॉर्बलर.

पाठ निळसर राखाडी, पोट लिंबासारखं पिवळं, कुशीवर काळ्या रेघा, डोळ्याभोवती तुटक पांढरं कडं. वजन जेमतेम चौदा ग्रॅम. बसल्या जागी शेपटी सारखी खालीवर हलवण्याची सवय. (आपल्या वटवट्यांशी याचं नातं लावू नये, अमेरिकेतले वॉर्बलर हे वेगळंच कुळ आहे.) हिवाळा बहामा बेटांवर काढून तो मेमध्ये इथे येतो आणि जगात दुसरीकडे जवळजवळ कुठेच घरटं करत नाही. एवढ्याशा पाहुण्यासाठी गावं सजतात, हे पाहायला गोड वाटतं. त्यामागचा इतिहास मात्र तितका गोड नाही. त्यात एका माणसाचा जीवही गेला आहे.

हा इतिहास १८७८ पासून सांगावा असं मला वाटतं, जरी त्या वर्षाचा वॉर्बलरशी थेट संबंध नाही. त्या वसंतात याच उत्तर मिशिगनमध्ये, पिटॉस्की गावाजवळ, प्रवासी कबुतरांची प्रचंड वीण भरली होती. तारायंत्राने बातमी गेली, रेल्वेने पारधी आले. जाळी टाकून, पिल्लं काठ्यांनी पाडून, पिंपांत भरून कबुतरं शहरांच्या बाजारात रवाना झाली. मोजदाद लाखांत होती. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीची शेवटची मादी मेली. म्हणजे वसंत आला की पक्ष्यांसाठी बाहेरगावची माणसं इथे लोटतात, हे काही नवं नाही. तेव्हा त्यांच्या हातात जाळी असायची, एवढंच.

कबुतरांबरोबर झाडंही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनचा पांढरा पाइन जवळजवळ सरसकट कापला गेला. ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्स उद्यानात त्या जुन्या रानाचा ४९ एकरांचा तुकडा आज जपून ठेवलेला आहे. बाकीच्याची कल्पना त्यावरूनच करायची. तोडीनंतर मागे उरलेल्या फांद्या आणि पालापाचोळा वाळत पडे आणि त्याला आग लागे. ऑक्टोबर १९०८ मध्ये मेट्झ गावातून माणसांना वाचवून नेणारी रेल्वेगाडीच ज्वाळांत सापडली. अशा घटनांनंतर ‘आग दिसली की विझवायची’ हेच सरकारी धोरण झालं, आणि ते समजण्यासारखं होतं. त्या धोरणाची किंमत कोण मोजणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण हा पक्षी कुठे घरटं करतो हेही माहीत व्हायचं होतं.

पक्ष्याची शास्त्रीय नोंद झाली ती शेजारच्या ओहायोत. मे १८५१ मध्ये क्लीव्हलंडजवळ एक नमुना मिळाला. पुढच्या वर्षी स्पेन्सर बेअर्ड यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जेरेड किर्टलंड या डॉक्टर-निसर्गअभ्यासकाचं नाव त्याला दिलं. १८७९ मध्ये बहामातल्या अँड्रोस बेटावर त्याचा हिवाळी मुक्काम सापडला. पण उन्हाळ्यात हा जातो कुठे? अर्धं शतक उलटलं तरी उत्तर नव्हतं. ते मिळालं मासेमारीतून. जून १९०३ मध्ये दोघेजण ओ साबल नदीवर ट्राउट धरायला गेले होते. ओळखीची नसलेली शीळ ऐकू आली म्हणून त्यांनी पक्षी टिपला आणि ॲन आर्बरच्या विद्यापीठ संग्रहालयात नेऊन दिला. तिथले नॉर्मन वुड तो पाहताच समजले. जुलैत ते स्वतः त्या रानात उतरले आणि ऑस्कोडा काउंटीत त्यांना जमिनीवरचं घरटं सापडलं. त्या काळी पक्षी ‘पाहणं’ म्हणजे बहुतेकदा गोळी घालून हातात घेणं, ही गोष्ट दुर्बीणवाल्या पिढीने अधूनमधून आठवावी.

घरटं सापडलं ते जॅक पाइनच्या रानात. या झाडाला लाकूडवाले फारशी किंमत देत नव्हते: खुरटं, वेडंवाकडं, रेताड जमिनीत वाढणारं. पण त्याची शंकूफळं विलक्षण आहेत. ती राळेने चिकटून बंद असतात आणि वर्षानुवर्षं तशीच फांदीवर राहतात. आगीची धग लागली की राळ वितळते, पाकळ्या उघडतात आणि गरम राखेवर बी सांडतं. मोठं झाड जळून जातं. त्याच्या जागी एकाच वयाच्या रोपांचं दाट शेत उगवतं.

वॉर्बलरला नेमकं हेच शेत लागतं, आणि तेही ठरावीक वयाचं. झाडं साधारण पाच ते वीस वर्षांची हवीत, पुरुष-दीड पुरुष उंचीची, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. त्या फांद्यांच्या आडोशाला, गवतात आणि रानब्लूबेरीच्या झुडपांत मादी घरटं करते. खाली ग्रेलिंगची वाळू असते. पाऊस पडला तरी पाणी लगेच मुरतं आणि घरटं बुडत नाही. झाडं उंच झाली की खालच्या फांद्या वाळतात, आडोसा जातो आणि पक्षी ती जागा सोडतो. मग त्याला पुढचं जळालेलं रान हवं असतं. आगी विझवायला सुरुवात झाली तेव्हा या पक्ष्याच्या पायाखालची वाळूच सरकू लागली.

दुसरं संकट पश्चिमेच्या गवताळ मैदानांतून आलं. तपकिरी डोक्याचा काऊबर्ड तिथे गव्यांच्या कळपांमागे फिरायचा. कळपांबरोबर भटकणाऱ्याला घरट्यात बसून राहणं परवडत नाही, म्हणून तो कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकतो. मिशिगनमध्ये जंगल कापून शेतं झाली तशी त्याला वाट मिळाली. कोकीळ निदान कावळ्याशी सामना करते. इथे चौदा ग्रॅमच्या पक्ष्याला आपल्याहून कितीतरी मोठं पिल्लू पोसावं लागे आणि त्याची स्वतःची पिल्लं उपाशी मरत.

१९५१ मध्ये हॅरल्ड मेफील्ड यांच्या पुढाकाराने या पक्ष्याची संपूर्ण गणना झाली. मेफील्ड व्यवसायाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हते, एका कंपनीत नोकरी करणारे हौशी निरीक्षक होते. रीत सोपी होती: पहाटे रानातून ओळीने चालायचं आणि गाणारे नर मोजायचे. आकडा आला ४३२. दहा वर्षांनी ५०२. आणि १९७१ मध्ये एकदम २०१. दर दहापैकी सुमारे सात घरट्यांत काऊबर्डची अंडी निघत होती.

पुढच्याच वर्षी सापळे लागले. छोट्या खोलीएवढा जाळीचा पिंजरा, वर शिरायला फट, आत दाणापाणी आणि आमिष म्हणून जिवंत काऊबर्ड. रोज कुणीतरी पिंजऱ्यात शिरे, चुकून अडकलेले इतर पक्षी सोडून देई आणि काऊबर्ड मारी. वर्षाला साधारण तीन-चार हजार. एका पक्ष्याला जगवायला दुसऱ्याला मारायचं, हा व्यवहार पक्षीप्रेमींनी फारसा आवाज न करता स्वीकारला. निदान त्याचे निकाल स्पष्ट होते. जोडीमागे जेमतेम एक पिल्लूही उडत नव्हतं, तिथे तीनच्या आसपास उडू लागली. तरी संख्या वाढेना. १९७४ मध्ये १६७ नर होते आणि १९८७ मध्ये पुन्हा नेमके १६७. पिल्लं होती, पण त्यांना उतरायला कोवळं रान नव्हतं.

मधल्या काळात ५ मे १९८० उजाडला होता. वनसेवेने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वनखात्याने, मायोजवळच्या एका पट्ट्यात नियंत्रित आग लावली. हेतू हाच: जुनी तोड साफ करून वॉर्बलरसाठी नवं जॅक पाइन उगवू द्यायचं. पण वसंतात बर्फ वितळलेलं असतं, गवत हिरवं झालेलं नसतं आणि पाइनच्या सुयांतला ओलावा वर्षातला सगळ्यात कमी असतो. वारा वाढला. ठिणग्यांनी जाळरेषा ओलांडली, एम-३३ महामार्गही ओलांडला आणि आग झाडांच्या शेंड्यांवरून धावू लागली. मॅक लेकच्या वस्तीत चाळीसहून अधिक घरं आणि इमारती खाक झाल्या. सुमारे २४,००० एकर रान जळालं. आग विझवायला गेलेला वनसेवेचा एक कर्मचारी मेला.

एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी सरकारने आमची घरं जाळली, असं लोक म्हणाले तर त्यांना काय उत्तर देणार? त्या काळात मायोच्या आसपास या पक्ष्याचं नाव काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण असणार, हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही.

आणि तरीही मॅक लेकच्या राखेतून जे उगवलं त्यानेच पक्ष्याला तारलं. ठरवून केलेल्या लागवडीने जे साधलं नव्हतं ते त्या २४,००० एकरांनी करून दाखवलं. १९९० च्या आसपास तिथली झाडं नेमक्या वयाची झाली आणि नरांची शीळ तिथून घुमू लागली. १९९५ पर्यंत एकूण संख्या साडेसातशेच्या पुढे गेली. महोत्सव सुरू झाला तो याच दशकात, हा योगायोग नाही असं माझं मत आहे. दाखवायला पक्षी होते, सांगायला चांगली बातमी होती आणि आगीने दुखावलेल्या भागाला या पक्ष्यात आपलंही काही आहे असं वाटण्याची गरज होती. मोटेलच्या खोल्या, पेट्रोल आणि नाश्त्याचे पैसे ही त्या आपलेपणाची सुरुवात असेल तर त्यात कमीपणा नाही.

शिवाय गर्दीला आवर घालायचा प्रश्नही होताच. विणीच्या हंगामात या पक्ष्याचं बरंचसं क्षेत्र लोकांसाठी बंद असतं; जमिनीवरचं घरटं कुणाच्या बुटाखाली यायला वेळ लागत नाही. म्हणून ग्रेलिंग आणि मायो इथून मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या निघू लागल्या. पंधरा-वीस माणसं, वाळूची पायवाट, कुणी बोलत नाही. अर्धा किलोमीटरवरूनही ऐकू येईल अशी ठणठणीत शीळ येते, मार्गदर्शक थांबतो, दुर्बिणी वर जातात. जळक्या खोडाच्या टोकावर नर मान मागे टाकून गात असतो आणि शेपटी हलत असते. पाच मिनिटांत सगळं आटोपतं, आणि त्यासाठी लोक हजार-हजार किलोमीटर गाडी हाकत आलेले असतात.

२००१ मध्ये हजार जोड्यांचं उद्दिष्ट ओलांडलं गेलं. पक्षी मिशिगनच्याच सरोवरापलीकडच्या वरच्या द्वीपकल्पात, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये आणि कॅनडाच्या ओंटारिओतही घरटी करू लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये संघराज्याच्या संकटग्रस्त यादीतून त्याचं नाव काढलं गेलं. काऊबर्डचे सापळेही टप्प्याटप्प्याने बंद झाले, कारण चाचणी म्हणून ते बंद ठेवले तेव्हा परक्या अंड्यांचं प्रमाण नगण्य निघालं. १९३१ पासून राज्यपक्ष्याचा मान रॉबिनकडे आहे, तो काढून वॉर्बलरला द्यावा ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. रॉबिन अजून जागेवर आहे.

यादीतून नाव गेलं तरी काम सुटलेलं नाही. मोठी आग आता कुणी लावू देणार नाही, म्हणून तिची नक्कल करावी लागते. दरवर्षी काही हजार एकर जॅक पाइन कापायचा, विकायचा आणि त्या जागी रोपं लावायची, तीही मधे मुद्दाम मोकळी जागा सोडून, म्हणजे आगीनंतर उगवल्यासारखं रान होईल. त्यामुळे फेरीचं ठिकाण कायमचं कधीच ठरत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी जिथे उभं राहून लोकांनी नर पाहिला, तिथे आज झाडं उंच झाली आहेत, खाली आडोसा उरलेला नाही आणि मार्गदर्शक गाडी न थांबवता पुढच्या लागवडीकडे नेतो.