थंडीत गोणी भरलेलीच का वर येते?

निफाडजवळ मामांचं शेततळं आहे. काठापासून काठापर्यंत दोर ताणलेला, त्याला भोकं पाडलेल्या गोण्या लटकवलेल्या. गोणीत शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, समसमान. तळ्यातले रोहू-कटला मासे भोकांना तोंड लावून ओढतात तेव्हा सगळा दोर थरथरतो. ऑक्टोबरात सकाळी सोडलेली गोणी दोन तासांत रिकामी होऊन हलकी व्हायची. डिसेंबरच्या शेवटी तीच गोणी संध्याकाळी ओढली तर जड, बुळबुळीत आणि आंबूस वासाची. मामा म्हणाले, "अरे, माशाला रोग लागला वाटतं. औषध आणावं लागेल."

रोग नव्हता. सकाळी तापमापी पाण्यात धरली तेव्हा पारा १७ अंशांवर होता.

आपलं शरीर बाहेर कितीही गारठा असला तरी ३७ अंशांवर राहतं आणि त्यासाठी खाल्लेल्यातलं बरंचसं जाळतं. माशाला ही सोय नाही. पाणी जितकं गार, जवळपास तितकंच त्याचं शरीर गार. तापमान १० अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पोहणं कमी, श्वास संथ, पाचकरसांचं कामही मंद. त्यात रोहू-कटलासारख्या कार्प जातीच्या माशांना खरं जठर नसतंच. अन्न घशातून थेट लांबलचक आतड्यात उतरतं आणि पचन तिथेच होतं. ते आतडं गारठ्यात सुस्तावलं की आधीचा घास पुढे सरकत नाही, मग नवा घ्यायचा कशाला? रोहू, कटला, मृगळ यांना २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. २० च्या खाली त्यांची भूक झपाट्याने उतरते आणि १५ च्या आसपास खाणं जवळजवळ थांबतं. सायप्रिनस (कॉमन कार्प) मूळचा थंड मुलखातला, तो जरा जास्त तग धरतो.

खरं नुकसान न खाल्लेल्या खाद्याचं असतं. समजा तळ्यात सरासरी ३०० ग्रॅमचे २,००० मासे आहेत. एकूण वजन ६०० किलो. उन्हाच्या दिवसांत वजनाच्या २ टक्के म्हणजे रोज १२ किलो खाद्य लागतं. थंडीत मासे अर्धा टक्काच खात असतील, तर ३ किलो पुरे. सवयीने १२ किलोच टाकत राहिलात तर रोज ९ किलो पेंड-कोंडा तळाशी बसतो. पैसे गेले ते गेलेच, शिवाय ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि अमोनिया सोडतं. मातीच्या तळ्यात गाळातले जिवाणू यातलं काही पचवतात. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तो गाळ फारसा नसतो, म्हणून तिथे जास्त जपायला हवं. अशा तळ्यात चुना टाकण्याआधीही विचार करावा. चुन्याने पाण्याचा सामू (पीएच) वाढतो, आणि सामू जास्त असला की तोच अमोनिया माशांना अधिक विषारी ठरतो.

"गार पाण्यात तर प्राणवायू जास्त मावतो," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, २० अंशांच्या पाण्यात नऊच्या वर. पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. तळाशी कुजणारा थर असला की तिथला प्राणवायू आधी संपतो, आणि गारठ्यात मासे नेमके खोल पाण्यातच जाऊन बसलेले असतात.

अशक्त झालेल्या माशाला याच दिवसांत अंगावर लाल चट्टे आणि व्रण पडणारा रोग गाठतो. १९८८ मध्ये तो भारतात पहिल्यांदा ईशान्येकडच्या राज्यांत दिसला. तो बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवामुळे होतो, आणि साधारण २० अंशांच्या आसपासचं पाणी त्याला फार सोयीचं. माशाची प्रतिकारशक्ती मात्र तेव्हाच मंदावलेली असते. व्रण दिसले तर मत्स्यतज्ज्ञांना दाखवावं. नुसती भूक मंदावली म्हणून औषध ओतू नये.

मामांनी त्या वर्षी तीन गोष्टी बदलल्या. खाद्याची वेळ सकाळी सातवरून दुपारी बारावर नेली, कारण तोवर उन्हाने वरचं पाणी दोन-तीन अंश तापलेलं असतं. पाच गोण्यांऐवजी एकच ठेवली आणि ती दोन तासांनी उचलून पाहायला लागले. उरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. ज्या दिवशी दुपारीही पाणी १६ च्या वर गेलं नाही, त्या दिवशी गोणी सोडलीच नाही. मामींना ते बघवेना. "मुकी जनावरं उपाशी ठेवता?" असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांची कळकळ मला समजते. पण माशाच्या अंगात आधीच्या महिन्यांची चरबी असते आणि गार अंगाला खर्च थोडा, त्यामुळे असे काही दिवस त्याला जड जात नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारचं पाणी २३ वर आलं. तेव्हाही मामांनी एकदम पूर्वीइतकं खाद्य भरलं नाही. दोन-तीन दिवसांआड एकेक किलो वाढवत गेले. एका दुपारी आम्ही काठावर भाकरी खात बसलो होतो, आणि मामींनी बोट दाखवलं. दोर पुन्हा थरथरत होता.