तलाव कोणत्या आठवड्यात आटेल?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मराठवाड्यात असा उन्हाळा अचानक येत नाही. फेब्रुवारीतल्या साठ्याच्या आकड्यांतच तो दिसत असतो, फक्त आकडे पुढे चालवून पाहावे लागतात.

समजा, एका तलावात १ फेब्रुवारीला १० दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी आहे. आठवड्याचा वापर ०.३०, आणि बाष्पीभवनाचा दर साठ्याच्या २ टक्के. पहिल्या आठवड्यात ०.५० गेलं. मग १० भागिले ०.५० म्हणजे २० आठवडे, असं आपण पटकन म्हणतो. पण पाणी कमी झालं की त्याचा पसारा आक्रसतो आणि वाफही कमी होते. दर आठवड्याची घट आधीच्या आठवड्यात उरलेल्या पाण्यावर ठरते. म्हणून सरळ भागाकार चालत नाही, तिथे लूप लागतो, म्हणजे संगणकाला तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणं. त्याच्या पोटात ओळ एकच:

साठा = साठा − वापर − साठा × दर

गणिताच्या वहीत ही ओळ चूक ठरेल. संगणकासाठी मात्र उजवीकडचा ‘साठा’ जुना आणि डावीकडचा नवा. १० चे ९.५०, त्याचे ९.०१, मग ८.५३... ‘साठा = १०’ ही ओळ मात्र लूपच्या बाहेरच हवी. ती आत गेली तर दर आठवड्याला तलाव पुन्हा भरतो आणि उत्तर कायम ९.५० येतं.

हा लूप सांगतो, पाणी सव्विसाव्या आठवड्यात संपेल, म्हणजे जुलैअखेर. तोवर पाऊस येईलच, असं वाटून गाव निर्धास्त होतं. इथेच खरा धोका आहे, कारण मराठवाड्याचा उन्हाळा या लूपमध्ये आलेलाच नाही. मार्चमध्ये दर ३ टक्के, एप्रिलपासून ४ टक्के धरा. विहिरी, बोअर आटले की टँकरही याच तलावावर भरतात, म्हणून एप्रिलपासून वापर ०.४० करा. आता तलाव विसाव्या आठवड्यातच कोरडा पडतो, जूनच्या मध्याला. वर मांडलेल्या भागाकाराचंही उत्तर २० च होतं, पण तो निव्वळ योगायोग.

शून्यापर्यंत मोजणंही फसवं आहे. जायकवाडीच्या २,९०९ दलघमी साठ्यात ७३८ दलघमी मृतसाठा आहे, म्हणजे तळाशी राहणारं, सहज बाहेर काढता न येणारं पाणी. त्यामुळे लूपची थांबायची अट ‘साठा शून्य’ अशी न ठेवता ‘साठा मृतसाठ्याइतका’ अशी ठेवावी. शिवाय दर सोमवारी प्रत्यक्ष मोजलेली पातळी घालून पुढचे आठवडे नव्याने काढावेत, नाहीतर पहिल्या अंदाजातली चूक प्रत्येक फेरीत पुढे सरकत जाते.

सगळ्यात मोलाचा उपयोग पर्याय तपासण्याचा. एप्रिलनंतरचा वापर ०.४० ऐवजी ०.३० वर रोखला, तर आपल्या उदाहरणातला तलाव तेविसाव्या आठवड्यापर्यंत पुरतो, जुलै उजाडल्यावरही. हा आकडा फेब्रुवारीतल्या ग्रामसभेपुढे ठेवता येतो, टँकरचा प्रस्ताव लिहायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी.