धुळीमुळे फुप्फुसाचा आजार झाला? गोव्यातील कामगारांनी भरपाईसाठी अर्ज कुठे आणि कसा करावा

डिचोली-सांग्यातल्या खाणी, वास्कोतली जहाजदुरुस्ती आणि ब्लास्टिंग (दाबाने वाळू मारून गंज काढणं), दगडाचे क्रशर, फाउंड्री (धातूचं ओतकाम). अशा ठिकाणी वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला चढावावर धाप लागू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. दगड-वाळूच्या बारीक धुळीतल्या सिलिकामुळे सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि काम सुटल्यावर अनेक वर्षांनीही दिसू शकतो. कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे भरपाई मागणं हा तुमचा हक्क आहे.

अर्ज कुठे करायचा, हे आधी ठरवा. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल (वेतनमर्यादा महिना 21,000 रुपये), तर ईएसआय दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना कामाचं स्वरूप स्पष्ट सांगा. प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. तात्पुरतं अपंगत्व ठरलं तर सरासरी वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. कायमचं ठरलं तर कमाईची क्षमता जितकी गेली, त्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शन मिळते.

खाणी मात्र जुन्या, 1948 च्या ईएसआय कायद्याच्या बाहेर होत्या. 2012 किंवा 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर घरी बसलेल्यांनी म्हणूनच मालकाविरुद्ध भरपाईचा दावा करायचा असतो. चौकशी पणजीत, पाटोवरच्या श्रम आयुक्त कार्यालयात करा. कायम पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या 60 टक्के आणि मृत्यूला 50 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, असा हिशेब असतो. हिशेबात धरायच्या वेतनाला कमाल मर्यादा आहे. दाव्याची मुदत दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, म्हणून मुदत टळली असं समजून गप्प राहू नका. एकाच आजारासाठी ईएसआय आणि मालक, दोघांकडून भरपाई मिळत नाही.

खरी अडचण पुराव्याची. ठेकेदार बदलत गेले, हजेरीपट कुणाकडेच नाही, ही गोष्ट गोव्यात घरोघरी ऐकू येते. तरी धीर सोडू नका: अनेक मालकांकडे काम केलं असेल, तर सिलिकोसिससारख्या आजारात भरपाईची जबाबदारी त्या सर्वांवर वाटून टाकता येते, आणि ठेकेदारामार्फत नेमलेल्यांच्या बाबतीत मूळ मालकही जबाबदार धरला जातो. पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक, गेटपास, सेवा प्रमाणपत्र, खाणीतल्या नियतकालिक वैद्यकीय तपासणीचे कागद, सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रं, जे सापडेल ते जमवा. पीएफची नोंद सगळ्यात भक्कम, कारण त्यात मालकाचं नाव आणि महिने दोन्ही असतात. याशिवाय आधार, बँक पासबुक, छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसक्षमता चाचणीचा अहवाल लागेल. एक्स-रेची मूळ फिल्म कुणालाही देऊ नका, प्रत द्या.

सिलिकोसिस असलेल्याला टीबी लवकर होतो. त्यामुळे टीबीचं औषध चालू असलं तरी ‘मी धुळीत काम केलंय’ हे डॉक्टरांना केस पेपरवर लिहायला लावा. कामगाराचा मृत्यू झाल्यास कुटुंबाने मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यावर मूळ आजाराची नोंद झाली आहे ना, हे पाहूनच तो ताब्यात घ्यावा. अवलंबितांच्या दाव्यात पुढे तो महत्त्वाचा पुरावा ठरतो.